चुका व्हायला लागतात तेव्हा

दहा-बारा वर्षं हिशेबात पैचीही चूक न केलेला माणूस एकाएकी बेरजा चुकवायला लागतो. मेल जातो, पण फाइल जोडायची राहते. मार्चच्या रकान्यात मेचा आकडा पडतो. बैठकीत साधा प्रश्न आला तरी शब्द सुचत नाहीत, तोंडाला कोरड पडते. मग वरिष्ठ इतरांकडे बघून म्हणतात, "मी म्हणत होतो ना, यांना झेपत नाही."

कामाच्या ठिकाणच्या छळाविषयी लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. छळामुळे माणसात जे बिघडतं, तेच नंतर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहतं. तो तक्रार घेऊन जातो तेव्हा त्याच्या चुका खऱ्या असतात, रजा वाढलेल्या असतात, आवाज चढलेला असतो किंवा डोळ्यांत पाणी असतं. एचआरच्या माणसाला समोर दिसतं ते एवढंच. वर्षापूर्वी हाच माणूस कसा काम करत होता हे त्या खोलीत कोणी पाहिलेलं नसतं. परिणामालाच कारण समजलं जातं आणि तक्रार तिथेच बुडते.

हे घडतं कसं ते जरा जवळून बघू. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येईल असा ऐवज फार थोडा असतो. चालू आकडा, पुढची पायरी, आत्ताच मिळालेली सूचना, एवढाच. धोका जवळ आहे असं मनाने घेतलं की त्यातला मोठा वाटा पहारा देण्यात जातो. केबिनचं दार उघडलं का? चॅटवर वरिष्ठांच्या नावापुढे हिरवा ठिपका आला का? सकाळच्या मेलला अजून उत्तर कसं नाही? उरलेल्या जागेत जीएसटीचा ताळमेळ बसवायचा असतो. मागच्या वेळी ज्या रकान्यावरून पाणउतारा झाला तो रकाना आता पाचदा तपासला जातो आणि शेजारचा नजरेतून सुटतो. चार ओळींच्या मेलला चाळीस मिनिटं लागतात, कारण प्रत्येक वाक्याचा ते काय अर्थ काढतील याची भीती असते. त्यातून उशीर होतो, उशिराबद्दल पुन्हा बोलणी बसतात. शंका विचारली तर "एवढंही कळत नाही?" ऐकावं लागतं, म्हणून माणूस विचारणंच सोडतो. मग अंदाजाने काम करतो आणि अंदाज चुकतो. बुद्धी होती तेवढीच असते, कष्ट तर आधीपेक्षा जास्तच असतात.

या विषयाचा पाया घातला तो हाइन्झ लेमान यांनी. जन्म जर्मनीतला, काम स्वीडनमध्ये. १९८०च्या दशकात त्यांनी छळ झालेल्या कर्मचाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. अशी माणसं उपचाराला येईपर्यंत चिडकी, संशयी, एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगणारी झालेली असत आणि बऱ्याचदा त्यांच्या व्यक्तिमत्त्वातच दोष आहे असं निदान झालेलं असे. लेमान यांनी ठामपणे मांडलं, की हा बदल छळानंतरचा आहे, आधीचा नाही. त्यांनी छळाच्या ४५ कृतींची यादी केली आणि तिचे पाच गट पाडले. माणसाला बोलू न देणं, त्याला एकटं पाडणं, त्याचं नाव खराब करणं, त्याच्या कामाचा कस काढून घेणं आणि त्याच्या शरीराला अपाय होईल असं वागणं. त्यांच्या व्याख्येत असं वागणं आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चाललेलं असावं लागतं. संशोधनाला अशी रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण ज्याच्यावर बेतलंय त्याने या सहा महिन्यांची वाट पाहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन महिन्यांत जे करता येतं ते सातव्या महिन्यात करायची ताकद बहुतेकांत उरत नाही.

पुढे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात स्टोले आयनार्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. आज जगभर ती वापरली जाते. तिची सुरुवात आरडाओरड्याने होत नाही. पहिला प्रश्न आहे, तुमच्या कामावर परिणाम होईल अशी माहिती कोणी तुमच्यापासून दडवतं का?

आपल्याकडच्या ऑफिसांत वावरलेल्या कोणालाही हा प्रश्न लगेच ओळखू येईल. बैठकीची वेळ बदलली, सगळ्यांना कळली, एकालाच कळली नाही. क्लायंटने फॉरमॅट बदलल्याचा मेल आला, त्यात एक नाव नव्हतं. टीमचा दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि खरं बोलणं तिकडे सुरू झालं. यातली एकेक गोष्ट घेऊन कोणाकडे गेलं तर हसू होईल इतकी ती किरकोळ असते. "अहो, राहून गेलं असेल." आणि एखाद्या वेळी खरंच राहून गेलेलंही असतं. म्हणून सुटी घटना कधीच पुरत नाही, ओळीने मांडल्या तरच त्यांचा आकार दिसतो.

जागेप्रमाणे तऱ्हा बदलते. सरकारी कार्यालयात आवाज चढवायची गरजच पडत नाही. टेबल काढून घेतलं जातं, फाइल शेऱ्याविना परत येते, रजेचा अर्ज पडून राहतो, पाठोपाठ कारणे दाखवा नोटिसा येतात आणि वर्षअखेर गोपनीय अहवालात प्रतवारी खाली उतरते. खासगी अनुदानित शाळेत वेळापत्रकातून वार होतो. ऑफ तास गायब, पाचवी ते दहावीचे विखुरलेले वर्ग, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव कुठल्यातरी कागदावाचून अडलेला. बँकेत आणि विमा कंपनीत टार्गेटची व्हिडिओ बैठक असते, तिथे एकेका शाखेचं नाव घेऊन सर्वांसमोर शिव्या घातल्या जातात. अशा बैठकीची एक चित्रफीत २०२३ मध्ये देशभर फिरली आणि त्यात ओरडणाऱ्या अधिकाऱ्याला निलंबित करावं लागलं. पण जिथे रेकॉर्डिंग नसतं तिथे बैठका तशाच चालू राहतात. आयटीत काम काढून घेणं हा प्रकार जास्त दिसतो. माणूस प्रोजेक्टवर असतो, हजेरी लागते, पगार येतो, पण आठवडे उलटले तरी त्याच्याकडे एक टास्क येत नाही. जपानने 'पॉवर हरॅसमेंट'विरुद्ध, म्हणजे पदाच्या जोरावर होणाऱ्या छळाविरुद्ध, कायदा केला. जून २०२० पासून तो मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२२ पासून लहान-मध्यम कंपन्यांनाही लागू झाला. तिथल्या सरकारने छळाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यात झेपणार नाही इतकं काम देणं जसं आहे, तसंच योग्यतेपेक्षा फार कमी काम देणं किंवा कामच न देणं हेही आहे. रिकामं बसवणं हा छळ आहे हे आपल्याकडे पटवून द्यावं लागतं. "पगार चालू आहे ना, मग?" असं घरचेसुद्धा म्हणतात.

इथे एक शंका हमखास येते. मग कडक वरिष्ठ आणि छळ करणारा वरिष्ठ यांत फरक कसा करायचा? मी तरी तीन-चार गोष्टी बघते. कडक माणूस काय चुकलं ते सांगतो आणि ते दुरुस्त केलं की विषय संपतो. छळणाऱ्याच्या बाबतीत काय केलं म्हणजे समाधान होईल हे कधीच कळत नाही, निकष हलत राहतो. कडक माणसाचा नियम सगळ्यांना सारखा असतो. आणि बोलणं कामाबद्दल आहे की माणसाबद्दल, त्याच्या भाषेबद्दल, गावाबद्दल, जातीबद्दल, शरीराबद्दल, हेही महत्त्वाचं. चिडका पण न्यायी साहेब त्रासदायक असतो, मात्र त्याच्या हाताखालची माणसं रात्री झोपतात.

झोप हा पहिला धागा सुटतो. अंथरुणावर पडल्यावर थकव्याने डोळा लागतो, पण पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि जाग येताक्षणी डोक्यात ऑफिस असतं. परवाच्या बैठकीत काय उत्तर द्यायला हवं होतं याच्या दहा आवृत्त्या तयार होतात. रविवारी दुपारनंतर जेवण जात नाही. मग शरीर बोलायला लागतं. छातीत धडधड, पोटात आग, मानेचे स्नायू ताठ, लोकलमधून उतरताना पाय जड. माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. ईसीजी नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी मिळते, "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला मिळतो. नोकरीत काय चाललंय हे डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही. असे कित्येक महिने जातात. त्या काळात चिडचिड घरात सांडायला लागते, मुलांवर हात उठतो, मित्रांचे फोन घ्यावेसे वाटत नाहीत. ज्या माणसांकडे पुढे जाऊन साक्ष किंवा आधार मागायचा, त्यांच्याशीच नेमकं या काळात बिनसतं.

फिनलंडमधल्या रुग्णालयांतल्या ५,४३२ कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ दीर्घकाळ सोसलेल्यांत नव्याने नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या चौपट आढळली. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे ७९ हजार नोकरदारांच्या माहितीवरचा अभ्यास २०१९चा. छळ झालेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या आजारांचं प्रमाण ५९ टक्क्यांनी जास्त निघालं. नंतरच्या संशोधनात आणखी एक बाब पुढे आली. छळामुळे नैराश्य येतं, आणि आधीच नैराश्यात असलेल्या माणसाच्या वाट्याला छळ जास्त येतो. काही जण हे दुसरं वाक्य तेवढं उचलतात आणि "बघा, मुळात माणूसच कमकुवत" म्हणतात. मला त्यातून उलटंच दिसतं. एकदा खचवलेला माणूस पुढच्या माराला आणखी सोपा सापडतो, म्हणून मध्येच कोणीतरी थांबवलं नाही तर हे आपोआप थांबत नाही.

छळ एखाद्या माणसाचा न राहता धोरणच झाला तर काय होतं, याचं सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण फ्रान्समधलं आहे. फ्रान्स टेलिकॉम ही मूळची सरकारी दूरध्वनी कंपनी. खासगीकरणानंतरही तिच्यातल्या बहुतेकांना सरकारी सेवकांचा दर्जा होता, त्यामुळे त्यांना सरळ काढता येत नव्हतं. २००६ मध्ये व्यवस्थापनाने तीन वर्षांत २२ हजार माणसं कमी करायचं ठरवलं. ऑक्टोबर २००६ मधल्या बैठकीत प्रमुख दिदिए लोंबार म्हणाले, की लोक जातील, खिडकीतून किंवा दारातून. तंत्रज्ञांना कॉल सेंटरवर बसवलं गेलं, बदल्यांवर बदल्या झाल्या, कामं काढून घेतली गेली. किती माणसं गेली यावर व्यवस्थापकांचं मूल्यमापन होऊ लागलं. खटल्यात ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणं तपासली गेली. त्यांतल्या १९ जणांनी जीव दिला होता, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता, बाकीचे नैराश्याने आजारी पडले होते. २० डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि तिचे माजी प्रमुख यांना दोषी ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी प्रमुखांचा दोष कायम केला. कंपनीला दंड झाला ७५ हजार युरो. एवढ्या मोठ्या कंपनीला तो काहीच नाही. तरीही ज्या व्यवस्थापकाने त्या कर्मचाऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं तो आपल्या धोरणाच्या परिणामाला जबाबदार धरला गेला, ही गोष्ट मला दंडाच्या रकमेहून फार मोठी वाटते.

भारतात या छळाविरुद्ध सर्वांना लागू होईल असा स्वतंत्र कायदा नाही. कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये झाला, भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वरिष्ठाने कामावरून कनिष्ठाला फैलावर घेणं एवढ्यावरून जुन्या दंडसंहितेच्या कलम ५०४ खाली, म्हणजे हेतुपुरस्सर अपमानाचा, गुन्हा होत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन लगेच काही होईल या आशेवर कोणी राहू नये. मात्र दोन दारं बघायची राहून जातात. स्त्री कर्मचाऱ्याने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा, हे नेमकं केव्हापासून सुरू झालं? सलगीला नकार दिल्यानंतर अचानक कामात खोट काढणं, नोकरीची धमकी, अपमानास्पद वागणूक सुरू झाली असेल तर ते २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम ३ मध्ये बसू शकतं, मग बोलण्यात लैंगिक शब्द एकही नसला तरी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते. तिथे तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दुसरं दार जातीवरून होणाऱ्या अपमानाचं. अॅट्रॉसिटी कायद्यात तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, म्हणून त्या वेळी तिथे कोण कोण होतं ही नोंद सगळ्यात मोलाची. बंद केबिनमध्ये दोघंच असताना बोललेलं टिकवणं अवघड जातं.

बाकीच्यांना आधार उरतो तो कंपनीची आचारसंहिता, तक्रार निवारण धोरण, असेल तिथे युनियन, आणि स्वतःची वही.

वहीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. बहुतेकांची नोंद अशी असते: "आज पुन्हा सगळ्यांसमोर अपमान केला. फार वाईट वाटलं." सहा महिन्यांनी ही ओळ कोणाच्याच उपयोगाची नसते. उपयोगाची नोंद अशी असते: "मंगळवार, सकाळी ११.१०. दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, तिमाही आढावा. माझी स्लाइड उघडल्यावर म्हणाले, 'हे दहावीच्या पोराकडून करून घेतलंय का?' हजर पाच जण." पुढे पाचांची नावं. "काय चुकलं असं मी विचारलं. उत्तर न देता पुढची स्लाइड घ्यायला सांगितली. ११.४० ला मेल करून कोणते बदल हवेत ते विचारलं. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर नाही. रात्री तीनला जाग, नंतर झोप नाही." यात विशेषण एकही नाही. बोललेले शब्द जसेच्या तसे, वेळ, जागा, साक्षीदार, आपण काय केलं आणि पुढे काय झालं. शेवटची झोपेची ओळसुद्धा ठेवावी, डॉक्टरांना ती कामी येते.

नोंद त्याच दिवशी करावी. शक्यतो बांधणीच्या वहीत, पान न सोडता. सुट्या कागदांवर नंतर लिहिल्याचा संशय घेता येतो. ती ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये. लॅपटॉप कंपनीचा असतो आणि एका दुपारी लॉगिन बंद होऊ शकतं. तोंडी दिलेल्या सूचनेनंतर दोन ओळींचा मेल टाकायची सवय लावावी: "आत्ताच्या बोलण्याप्रमाणे अहवाल शुक्रवारी दुपारपर्यंत देत आहे, जुन्या फॉरमॅटमध्ये. काही बदल असल्यास कळवावं." सूर साधा ठेवायचा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट कापून घेऊ नयेत, वरचं नाव, तारीख आणि मागचंपुढचं बोलणं दिसायला हवं. मूळ संदेश मूळ फोनमध्ये राहू द्यावेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा नवीन फोन घेतला तरी जुना विकू नये. आणि एक धोका. रागाच्या भरात क्लायंटच्या फाइली किंवा कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर पाठवली जातात. मग छळाची चौकशी बाजूला राहते आणि माहिती बाहेर नेल्याची चौकशी सुरू होते.

याहून महत्त्वाचं, आणि जवळजवळ कोणीच न करणारं काम म्हणजे छळाआधीच्या काळाचा पुरावा जमवणं. मागच्या तीन-चार वर्षांची मूल्यमापनाची पत्रं, पगारवाढीची पत्रं, हजेरी आणि रजांचा तक्ता, कौतुकाची पत्रं. आधी कधी लेखी ठपका नव्हता हे त्यातून दिसतं. चार वर्षं 'उत्तम' आणि अमुक महिन्यात नवे वरिष्ठ आल्यावर दोन तिमाहींत 'असमाधानकारक', असा तक्ता एका पानावर मांडला की "यांना झेपत नाही" या वाक्यातली हवा जाते. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारण्याची लेखी ताकीद, हातात ठेवला जातो तेव्हाही हाच तक्ता लागतो. प्लॅन मिळाल्याची सही करावी, पण मुद्दे मान्य नसतील तर "प्रत मिळाली, मजकुराशी सहमत नाही, उत्तर लेखी देत आहे" असं लिहून. उद्दिष्टं मोजता येतील अशी मागावीत. "दृष्टिकोन सुधारा" हे मोजता येत नाही, त्यामुळे ते पूर्णही होऊ शकत नाही.

तक्रारीचा अर्ज एका पानाचा असावा, मागे नोंदींचा तक्ता. लोक रात्री दोनला, रडून झाल्यावर, आठ पानं लिहितात आणि एमडीपासून सगळ्यांना पाठवून देतात. त्यात सात वर्षांपूर्वीची बढतीची तक्रारही येते. वाचणारा तिसऱ्या पानावर थांबतो आणि लिहिणाऱ्याबद्दल मत बनवून मोकळा होतो. सर्वांत ठळक पाच-सहा घटना, धोरणातल्या कोणत्या कलमाचा भंग झाला ते, आणि आपल्याला नेमकं काय हवं आहे ते. हे शेवटचं बहुतेक अर्जांत नसतंच. रिपोर्टिंग बदलून हवं? उद्दिष्टं लेखी हवीत? बैठकीत एचआरचा माणूस हवा? मागितलेलं नसेल तर "दोघांनी बसून मिटवा" हा निकाल मिळतो, आणि एकाच्या हातात दुसऱ्याचं वेतन असताना दोघांनी बसून काहीही मिटत नाही.

डॉक्टरांकडे जाणं यासोबतच, तक्रारीचा निकाल लागायची वाट न बघता. दोन आठवडे सलग मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, एकाग्रता गेलेली, असं असेल तर ते नुसतं टेन्शन म्हणून सोडू नये. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९. गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटावं. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा आहे. त्यावर शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावं. 'टेलिमानस'चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी असा प्रश्न थेट विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.

औषधं सुरू झाली तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते आणि नेमक्या त्याच वेळी लोक गोळी सोडतात. बरं वाटल्यावर मनाने बंद केली तरीही त्रास होतो. पहाटे जाग आली तर वीसेक मिनिटांनी उठून बाहेरच्या खोलीत बसावं, पण मोबाइल न घेता. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ बदलू नये. रजेसाठी प्रमाणपत्र लागलं तर त्यावर आजाराचा तपशील किती असावा हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. वरिष्ठाला निदान सांगायचं बंधन नाही.

राजीनामा हाही उपचार असू शकतो, हे मी अजिबात संकोच न करता म्हणते. नोकरी टिकवणं म्हणजे शौर्य, असं समजून शरीराची राखरांगोळी करू नये. फक्त तो पाठवायची वेळ आपण निवडावी. बैठकीतून उठून, रागात पाठवलेला राजीनामा काही मिनिटांत स्वीकारला जातो आणि तो स्वखुशीचा समजला जातो. आधी कागद जमवावेत, नोटीस कालावधी आणि शिल्लक रजा बघाव्यात, ग्रॅच्युइटीला किती महिने उरलेत ते मोजावं, घराच्या हप्त्याचा हिशेब मांडावा. छळाचा उल्लेख राजीनाम्यात करायचा असेल तर एका वाक्यात, आधी दिलेल्या तक्रारीची तारीख घालून करावा.

नवीन ठिकाणी गेल्यावर सगळं लगेच सुरळीत होतं असं नाही. "जरा केबिनमध्ये ये" एवढ्या वाक्याने हात गार पडतात, आणि आत बोलावलेलं असतं वाढदिवसाच्या केकची वर्गणी विचारायला. हे काही महिने चालतं. नव्या वरिष्ठांना कहाणी सांगायची गरज नाही. "सुरुवातीला मला सूचना लेखी मिळाल्या तर बरं पडेल" एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि बहुतेक चांगली माणसं कारण न विचारता ते करतात.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. छळ नुसता बघणाऱ्यांनाही ताण येतो, हे फिनलंडमधल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. साहेबाशी भांडायची हिंमत प्रत्येकात नसते आणि तशी अपेक्षाही मी करत नाही. पण त्या माणसाला डबा खायला हाक मारता येते. सुटलेल्या मेलमध्ये त्याचं नाव जोडता येतं. बैठकीनंतर "तुम्ही मांडलेला मुद्दा बरोबर होता" असा एक मेसेज पाठवता येतो. तो मेसेज त्या रात्री माणसाला धरून ठेवतो, आणि पुढे तारीखवार पुरावाही ठरतो.

एचआर विभागाला मात्र हिमतीचीही गरज नाही. त्यांच्याकडे सगळं आधीच आहे. कोणत्या वरिष्ठाच्या हाताखालून तीन वर्षांत किती जण सोडून गेले, किती जणांनी बदली मागितली, किती जणांच्या आजारपणाच्या रजा तो आल्यानंतर वाढल्या, किती जणांची प्रतवारी एका वर्षात दोन पायऱ्या उतरली. एकट्या माणसाच्या बाबतीत जो त्याचा दोष वाटतो, तो एका नावाखाली सात जणांच्या बाबतीत दिसला तर प्रश्न कोणाला विचारायचा हे उघड होतं. निरोपाच्या मुलाखतीचे फॉर्म भरून घेतले जातात आणि फोल्डरमध्ये पडून राहतात. वरिष्ठनिहाय हा तक्ता दर सहा महिन्यांनी काढून संचालक मंडळापुढे ठेवायला कोणत्या नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. युनियन असेल तिथे युनियनने तो लेखी मागावा, आणि नसेल तिथे पुढच्या कर्मचारी बैठकीत कोणीतरी तो आहे का असं विचारावं.